‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करील?

यंदाच्या पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीत मी एका उमेदवाराला आशीर्वाद दिला, हे मला शेजारणीकडून कळलं. ती इंदूरकडची, निवृत्त शिक्षिका. आवाज अजून वर्गातलाच. दारातूनच म्हणाली, "काय गं, सांगणं नाही, सवरणं नाही, सरळ डोक्यावर हात?" आणि एक पत्रक माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी आपटलं.

गुळगुळीत कागद. वरच्या कडेला मोठ्या नेत्यांचे गोल गोल चेहरे, ताटात पुऱ्या मांडाव्यात तसे. मधोमध मान लववलेला उमेदवार, त्याच्या डोक्यावर माझा हात. खाली पिवळ्या पट्टीत लाल अक्षरं: ‘आजींचा आशीर्वाद, मैदानाचा कायापालट!’

हात माझाच होता. फोटो संक्रांतीच्या हळदीकुंकवातला. कुणीतरी लाडवांचं ताट पुन्हा पुढे केलं होतं आणि मी "पुरे गं बाई, उरलेले दात तरी राहू दे" म्हणत ते खाली दाबत होते. पत्रकवाल्यानं ताट कापलं आणि त्या जागी डोकं बसवलं. कारागिरी मानली पाहिजे. लाडू नाकारणारा हात आशीर्वाद देतो असं मलाही क्षणभर वाटलं.

मजकूर खास आम्हा भोपाळच्या कोटऱ्यातल्या मराठी घरांसाठी मराठीत होता. मराठीत म्हणजे हिंदीला मराठी प्रत्यय लावून. ‘मुलांच्या शिक्षेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत. मैदानाच्या विकासाची पूर्ण चेष्टा करू.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे काय, ते सांगायला नको. शेजारीण हसून हसून खाली बसली. मला मात्र फार हसता येईना. मी राजधानी हलली तेव्हा नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आलेल्या घरातली, शिकले हिंदी शाळेत, आणि मला दिलं इथल्याच एका पुणेरी घरात. नवी नवरी असताना सासूबाईंना मोठ्या नम्रपणे म्हणाले होते, "मी चांगल्या स्वयंपाकाची चेष्टा करीन." त्या म्हणाल्या, "कर हो. कालच्या आमटीत सुरुवात झालीच आहे."

हसणं संपल्यावर मी पत्रक खालून वर वाचलं. ही माझी जुनी खोड. अगदी तळाशी, मुद्रकाच्या नावाला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘मैदानाच्या जागेचा सुयोग्य वापर करण्यात येईल.’ या एका ओळीत चूक नव्हती. शुद्ध, कचेरीतली मराठी. म्हणजे हीच कुणीतरी विचार करून लिहिली होती.

आमच्या कॉलनीत मोकळी जागा म्हणाल तर तेवढं मैदान. पोरं तिथं खेळतात, आम्ही म्हाताऱ्या फेऱ्या मारतो, लग्नाचा मांडवही तिथंच. तिथं दुकानं निघणार अशी कुजबुज वर्षभर होती. आता ती माझ्या हाताखाली छापून आली होती.

ही भाषा मला कळते, कारण मीही पत्रकं लिहिलीत. विशीत माझं अक्षर सुंदर, त्याहून सुंदर माझा माझ्याविषयीचा समज. एका नातेवाइकाच्या उमेदवारासाठी मी लिहिलं होतं: ‘कर्तव्यदक्ष, कार्यकुशल, कर्मनिष्ठ, कनवाळू’. त्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं. पण ‘क’ जमले होते ना! भोवती वेलबुट्टी, आणि उद्गारचिन्हं इतकी की पत्रकाला कुंपण घातल्यासारखं दिसे. तो पडला. मला वाटलं, मतदारांना अनुप्रास कळत नाही. काय बावळट होते मी!

शेजारीण म्हणाली, "फोटो काढून टाकायला सांग त्याला. बदनामी आहे."

"फोटोचं काय घेऊन बसलीस? त्या ओळीत कर्ता कुठाय ते बघ. करण्यात येईल. कोण करील? तुझ्या वर्गात असं लिहिलं असतं तर?"

"अर्धा गुण कापला असता."

"मग काप."

आम्ही दोघींनी आमचं पत्रक काढलं. साधा पांढरा कागद, झेरॉक्सच्या दुकानातून. ती म्हणे, लाल मोठी अक्षरं हवीत. मी म्हटलं, ओरडणाऱ्याचं लोक ऐकतात, पण ऐकून विसरतात. वर एकच ओळ ठेवली: ‘हा हात लाडू नाकारत होता.’ त्या पत्रकवाल्याचीच युक्ती, हो. हसायला थांबलेला माणूस दुसरी ओळही वाचतो. दुसरी ओळ: ‘मैदानावर काय बांधणार आणि कोण बांधणार? दारात येतील तेव्हा विचारा.’ खाली आमच्या दोघींच्या सह्या, वरच्या ओळीएवढ्याच ठसठशीत. बारीक अक्षर कुठेच नाही.

लोकांनी विचारलं. मग तो उमेदवार स्वतः माझ्या घरी आला, मागे हारवाले, घोषणावाले. वाकून पाया पडला. या खेपेला मी हात पदरात ठेवला.

"आजी, नाराज झालात? वो तो डिझाइनवाल्याची गलती. फोटो हटवतो ना."

"हटवच. आणि ती खालची ओळ?"

"ती तर चांगली आहे. सुयोग्य वापर."

"दुकानं सुयोग्य की झोपाळे?"

"आजी, भाषा थोडी लवचिक ठेवावी लागते."

"माझे गुडघे लवचिक नाहीत, बाबा. मला चालायला सपाट मैदान लागतं." मी पेन पुढे केलं. "लिही. ‘मी या मैदानावर बांधकाम होऊ देणार नाही.’ मी, असं लिही. आम्ही नको, पक्ष नको."

त्यानं पेन घेतलं. ‘मी’ लिहिलं. मग टोपण लावलं, पुन्हा काढलं. घोषणावाले छताकडे बघत होते.

"वर विचारावं लागेल," तो हळूच म्हणाला.

शेजारीण म्हणाली, "आला! आला कर्ता! वर कोण रे? नाव सांग, आम्हीच विचारतो."

तो हसला, नमस्कार केला आणि पुढच्या दाराकडे वळला. तिथंही हेच विचारलं गेलं. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

कागद माझ्याकडे राहिला. त्यावर त्याच्या हाताचं एकटं ‘मी’, पुढे क्रियापद नाही. आम्ही तो तसाच्या तसा छापला. खाली एवढंच घातलं: उमेदवारांनी वाक्य पूर्ण करून द्यावं, मत त्यानंतर. घरचे म्हणतात, या वयात कशाला वैर? मतदान अजून व्हायचंय. तोवर आम्ही दोघी रोज संध्याकाळी मैदानावर फेऱ्या मारतो, आणि भेटेल त्याच्या हातात कागद देतो.