उघाडीजवळच्या तिसऱ्या

रोह्याच्या फलाटावर आई माझी पेटी धरून उभी होती. रोह्यापासून पुढे दक्षिणेकडे जाणारी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. इथून पॅसेंजर, मग गाडी बदलून कोची. बाबांना मिठागर सोडून येता आलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा आई म्हणाली, "घाबरू नको गो. खाडीत एकटी उतरतेस, तिकडं तर मानसंच हायेत."

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावातून शिकायला इतकी लांब गेलेली मी पहिली मुलगी. आईने ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढल्या, पेणच्या बाजारात विकल्या, आणि मी एमएस्सी झाले. आता त्याच तिसऱ्यांवर संशोधन करायला निघाले होते. पाणी फार खारट झालं, तापलं, की शिंपल्यातला जीव ते कसं सोसतो? सगळ्या सारख्या सोसतात, की त्यांच्यात जन्मजात फरक असतो?

पहिलं वर्ष वाईट गेलं. भाषा कळेना, मेसचा जाडा भात घशाखाली उतरेना. धरमतरहून नेलेल्या तिसऱ्या टाकीत ठेवून मीठ वाढवलं की काही मरत, काही जगत, आणि पुन्हा केलं की निकाल वेगळाच. माझे गाइड कुरियन सर म्हणाले, गोळा करण्यातच गोंधळ आहे; सुधारत नसेल तर विषय सोडा. मी घरी तसं कळवलं. आईला वाचता येत नव्हतं. बाबांनी पत्र वाचून दाखवलं आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून धाडलं: "सगल्या तिसऱ्या एक नसतात. उघाडीजवलच्या येगल्या, खाडीच्या तोंडाच्या येगल्या. तू दोनी एका टोपलीत घातल्यास."

उघाडी म्हणजे बांधातला पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा. त्याच्या आसपास मिठागराचं कडक खारं पाणी उतरतं. सुट्टीत आईबरोबर चिखलात उतरले, दोन्हीकडच्या तिसऱ्या वेगळ्या काढल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून कोचीला नेल्या. टाकीत मीठ वाढवल्यावर उघाडीजवळच्या शिंपा घट्ट मिटून तगून राहिल्या. खाडीच्या तोंडाजवळच्या दोन दिवसांत उघडून मेल्या. प्रथिनांच्या तपासणीत जेलवरचे पट्टेही निराळे आले. एकाच खाडीत दोन घराणी नांदत होती.

सरांना निकाल पटले, पण बाहेरून बघून फरक ओळखता येतो हे पटेना. पुढच्या हिवाळ्यात आईबाबा मला भेटायला आले, तेव्हा सरांनी दोन्ही तिसऱ्या मिसळून ट्रे आईपुढे ठेवला. प्रत्येकीच्या पोटाशी मी शाईने बारीक नंबर घातला होता. आई लॅबच्या फरशीवर बसली, एकेक शिंप अंगठ्याने चाचपली आणि दोन ढीग केले. सरांनी रजिस्टर ताडून पाहिलं. एकच चुकली होती.

मी तिला तसं सांगितलं. तिने ती पुन्हा हातात घेतली. "माजं बरोबर हाय. तू लिवायला चुकलीस."

कच्ची वही काढली. खरंच, रजिस्टरात उतरवताना माझ्याकडून आकडे उलटे पडले होते. कुरियन सर उठले आणि स्वतःची खुर्ची आणून आईला बसायला दिली. ती अवघडून टोकावर बसली.  बाबांचे डोळे भरले होते. प्रबंधात नमुने ओळखणाऱ्याच्या जागी मी तिचं नाव घातलं. ते छापील पान बाबांनी गावात घरोघरी दाखवलं.

गावातले माझ्या वयाचे कितीतरी जवळच डोलवीला कंपनीत शिफ्टला लागले, काही आखातात गेले. मी तिथेच शिकवायला लागले आणि कोचीचीच झाले. शेजारची चेची, म्हणजे ताई, तिसऱ्यांना कक्का म्हणते, आणि आता माझ्याही तोंडी तेच येतं. आईचे गुडघे तिला चिखलात उतरू देत नाहीत. गेल्या खेपेला ती बांधावर बसली होती आणि माझे दोन मल्याळी विद्यार्थी खाली चिखलात होते. तिचं बोलणं त्यांना कळत नव्हतं, पण तिचा हात जिकडे वळेल तिकडे ते मुकाट्याने खणत होते. घर म्हटलं की आता मला तो बांध दिसतो: आई सांगते आहे, आणि शिकलेली माणसं ऐकताहेत.