अक्काच्या मणक्याचा फोटो

मुलांनो, माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एक मोठा पिवळा लिफाफा आहे. मी गेल्यावर कपाट आवराल तेव्हा तो रद्दीत टाकू नका. त्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, पाठीचा एक्स-रे आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याला अक्काच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला गेला. रिपोर्ट इंग्रजीत आला आणि मी जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे माझ्या हातात पडला. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी नीट समजावलं. ही गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसते, म्हणून रोजची गोळी लागू पडेल, बाई बरीच वर्षं जगेल. पण ही जात पुढे हाडांत जाऊन बसू शकते, आणि तसं हाड थोड्या दाबानंही मोडतं. पाठ दुखली तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. आधी एक्स-रेचा फोटो.

मी सावद्याला जाऊन हे सगळं भाऊजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, मराठीत लिहून दिलं. आकडे घालून, सुवाच्य.

भाऊजी पायाळू. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. दर रविवारी त्यांच्या ओट्यावर माणसं पालथी पडायची. भाऊजी पैसे घेत नसत, मान घेत. माझा कागद वाचून ते हसले. "बाई, शाळा जळगावातच ठेवून येत जा."

तीन वर्षांनी अक्काची पाठ धरली. ती म्हणाली, "धुळ्याला नेता का?"

"घरात पायाळू असताना? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

त्यांनी तिला पालथं झोपवलं आणि पाय दिला. "वाळकी काटकी मोडावी तसं वाजलं गं," अक्का मला म्हणाली. धुळ्याला नेऊन फोटो काढला. मणका चेपला होता. कमरेखालचं अंग गेलं. ती पुन्हा उभी राहील का, एवढंच मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं मी सावद्याला गेले आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. चोपड्याकडचा एक माणूस कंबर धरून आला. "नाना, कंबर दुखी ऱ्हायनी."

भाऊजींनी धोतर वर खोचलं. मी फोटो उन्हात धरला.

"हाई काय शे, बाई?"

"यांच्या बायकोचा मणका. यांनीच पाय दिला होता."

तो माणूस तसाच वाकलेला परत गेला. चौथ्या रविवारी ओटा रिकामा होता.

"माझं नाव घालवलंत," भाऊजी म्हणाले.

"घालवायलाच आले होते."

अक्का आणखी चार वर्षं जगली. गोळी खरंच लागू पडली होती. मी घरात कामाला बाई ठेवू दिली नाही. अक्काचं शौचाचं भांडं भाऊजींनीच उचलायचं. अक्का म्हणायची, "पुरे कर आता, ते रडतात गं."

"रडू देत."

अक्काच्या तेराव्याला त्यांनी तो फोटो मागितला. "द्या, तापीत सोडतो."

मी दिला नाही. ते वारले तेव्हाही नाही. तुम्ही आलात की उन्हात धरून बघा. फोटोत वरून तिसरा मणका.