इब्राहीमभाऊंचा भोकांचा ड्रम

इब्राहीमभाऊंच्या टाकीतून कधी थेंब गळला नाही. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगत, आणि दिवसातून दोनदा तरी सांगत. गडचांदूरच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या तोंडाशी त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. पाण्याच्या टाक्या, डिझेलच्या टाक्या, ट्रॅक्टरमागचे टँकर. काम झालं की जोडावर बाहेरून चुना फासायचा आणि आतून रॉकेलचं फडकं फिरवायचं. सुईच्या टोकाएवढी फट असली तरी चुन्यावर ओला डाग उमटतो. डाग नसला तरच टाकीच्या बुडावर ते वेल्डिंगनं आपलं नाव काढत. चंद्रपूरच्या ज्या उस्तादांकडे ते शिकले, ते एका डागाला एक थप्पड देत. "म्हणूनच माझा डावा गाल असा मजबूत हाय," असं भाऊ हसत हसत सांगायचे.

२००२ साली आमच्या गावाला स्वच्छता स्पर्धेचं वारं लागलं. महिन्याभरानं तपासणीची समिती येणार होती. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे भिंतींवर सुविचार रंगवायचं काम माझ्या गळ्यात. सगळ्यांचे उकिरडे गावाबाहेर गेले. राहिला एकच, माझ्या शेजारच्या केसरबाईंचा.

केसरबाई साठी उलटलेल्या, एकट्या, गुडघ्यानं अधू. घरामागे त्यांची वाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडची जमीन चुनखडीची. खताशिवाय तिच्यात गवतही धड येत नाही. उकिरड्यावर वाडी आणि वाडीवर बाई, असा तो संसार चाललेला. गावाबाहेरून खताची टोपली वाहून आणणं त्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. मुलगा कुलदीप बल्लारपूरला असतो. तो दर महिन्याला म्हणायचा, माय, चल इकडे. बाई म्हणायच्या, "तिथी तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? चिमण्या मोजू?" उकिरडा गेला असता तर मात्र त्यांना चिमण्या मोजायला जावंच लागलं असतं.

ग्रामसेवक भाऊंच्या दुकानात गेट दुरुस्तीला आले होते, तिथेच हा विषय निघाला. ते म्हणाले, बंद पेटीत ठेवा म्हटलं असतं, पण हा वास कोंडून ठेवील अशी पेटी कुठे मिळते? झालं. भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या टाकीतून रॉकेल बाहेर येत नाई, वास कुठून येईन?" म्हणाले. "बाईले मी बनवून देतो. फिरवाचा ड्रम. रोज फिरवला का खत लवकर होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा आम्हाला ते कळलं नाही. आम्ही टाळ्याच वाजवल्या.

चार दिवस भाऊ भंगारात हिंडले. ऑइलचा दोनशे लिटरचा ड्रम मिळाला. सिमेंट कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्याखालचे जुने रोलर भंगारवाल्याकडे पडले होते, त्यातले चार घेतले. मोडक्या लोखंडी पलंगाचे पाय कापून घोडी बनवली, तिच्यावर रोलर बसवले आणि रोलरवर ड्रम आडवा निजवला. माल वरखाली व्हावा म्हणून आतून पट्ट्या जोडल्या. कपाटाचा पत्रा कापून दार केलं आणि दाराला ट्रकच्या ट्यूबचं रबर लावलं. फिरवायला बाहेरून दोन मुठी. बाईंनी एका हातानं ढकलला तरी ड्रम सुरसुर फिरे. चुना-रॉकेलची परीक्षा झाली, डाग नाही, साबणानं आतून धुतला, बुडावर नाव निघालं. मीही त्यावर एक फूल रंगवलं.

बाईंनी शेण, भाजीचा कचरा, चुलीची राख आत भरली. रोज सकाळी पाच फेरे. बारा दिवस खरंच वास आला नाही. तेराव्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून दार उघडलं तर फुस्स झालं आणि असा भपकारा आला की भाऊंची बायको रशिदाभाभी पदर नाकाला लावून थेट रस्त्यावर गेली. आत काळा रबडा. उकिरडा बिचारा बरा होता.

केसरबाईंनी मात्र कोपरापर्यंत हात आत घातला. "थंडा हाय," म्हणाल्या. "उकिरडा आतून गरम पायजे, भाऊ. थंडीत हात शेकता येते. हा घुसमटला. याले हवा पायजे. भोकं पाडा."

"भोकं?" भाऊ दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "बाई, तीस वर्षांत मी टाकीची भोकं बुजवून राह्यलो. पाडली नाई." आणि चालते झाले.

दोन दिवस ते आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी केसरबाई मला एसटीडी बूथवर घेऊन गेल्या आणि माझ्याकडून कुलदीपला फोन लावून घेतला. रविवारी ये म्हणाल्या, बस. घरी आल्यावर त्यांनी आपलं खुरपं माझ्या हातात ठेवलं. "तू ठेव. तिथी काय कामाचं?" मूठ त्यांच्या हातानं झिजून गुळगुळीत झालेली. मला इतका राग आला की मी तशीच, खुरपं हातात घेऊन दुकानावर गेले.

भाऊ मान खाली घालून गेटचं कडं घासत होते. दुकानामागेच त्यांचं घर. मी जे बोलायचं ते बोलले, पण त्यांच्यावर परिणाम झाला तो रशिदाभाभीचा. ती आतूनच म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं कोणी बनवलं? तुमीच ना? त्याले जाळी काऊन लावली मग? पत्र्यानं बंद कराचं होतं, वेल्डिंग मारून! सकाळी मेल्या कोंबड्या मोजल्या असत्या."

भाऊंनी कडं खाली ठेवलं.

त्याच दुपारी ते हातड्रिल घेऊन बाईंच्या वाडीत आले. आधी ग्राइंडर लावून बुडावरचं आपलं नाव घासून काढलं. मग खडूनं वीत-वीत अंतरावर खुणा केल्या, अगदी ओळीत. बेअब्रू व्हायची तर तीही मापात व्हावी. प्रत्येक भोकाला त्यांचा जबडा आवळायचा, उस्तादांची थप्पड बसल्यागत. चौसष्ट भोकं पाडली. बाईंनी रबड्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, आणि वाळला पाला मिसळला आणि पाच फेरे दिले.

रविवारी कुलदीप रिकामी बॅग घेऊन आला. केसरबाईंनी त्याला चहाही विचारला नाही. हाताला धरून मागे नेलं आणि त्याचा पंजा ड्रमवर टेकवला. पत्रा कोमट होता. मग त्यांनी वळून मला हाक मारली, "सरिता, माझं खुरपं दे."

कुलदीप बॅगेत वांगी भरून परत गेला. समिती आली, तिनं नाकं फुगवून हुंगलं, काही सापडलं नाही. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? भाऊ मागे उभे होते. म्हणाले, "बाईची. मी निस्ता पत्रा जोडला." एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आपलं काम दुसऱ्याच्या नावावर केलं. बक्षीस शेजारच्या गावाला मिळालं, ते जाऊ द्या.

त्यानंतर चार वर्षं केसरबाईंनी वाडी केली. त्या गेल्या त्याही आपल्याच घरातून, पौषातल्या एका सकाळी, चहा ठेवता ठेवता. दुपारी माती आटोपून सगळे परतले. अंगणात माणसं बसली होती. कुलदीप भिंतीला टेकला होता. मी भांडी काढायला मागच्या दाराशी गेले तर इब्राहीमभाऊ वाडीत एकटेच होते. एक हात ड्रमवर ठेवून उभे. मग त्यांनी मूठ धरली आणि ड्रम फिरवायला लागले. मी मोजले, पाच फेरे झाले.

मला बघून ते थोडे ओशाळले. म्हणाले, "आज कोणी फिरवला नसन ना."

मी दारातच बसून रडले.