वसंताक्काची एकादशी

वसंताक्का विड्याची पानं विकायची, पण गिऱ्हाइकं पानापेक्षा तिच्या तोंडासाठी यायची. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्याच ओट्यावर, ओल्या गोणपाटावर पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, मांडून बसायची. पानं तंजावरजवळच्या पापनाशमकडच्या मळ्यांतून यायची, कोवळी, पिवळसर हिरवी. एकेक पान उजव्या अंगठ्यानं उलटायचं, डागी निघालं की फेकायचं. हात चालायचा तोवर तोंडही चालायचं. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणत्या आचाऱ्यानं लग्नाचं सांबार करपवलं, सगळा माल तिच्याकडे ताजा.

गिऱ्हाइकाशी तमिळ, पण शिवी द्यायची ती मराठीतच. आमची मराठी तंजावरच्या मराठा राजांच्या वेळी इकडे आली ती इकडेच राहिली. पुण्याचे पाहुणे ऐकतात आणि गालांत हसतात. हसोत बापडे. तीनशे वर्षं जपलेली शिवी त्यांच्याकडे नाही. वसंताक्काची आवडती एकच, 'मुडद्या'. चारचौघांत नवऱ्याला 'अहो', आणि चिडली की 'मुडद्या'. नवरा हनुमंतराव जन्मभर रेशमाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालून आलेला, गरीब माणूस. त्याला या शिवीवाचून भात गोड लागत नसे.

अशी ही बाई एकादशीला मौन धरायची. सासूनं विठ्ठलापुढे घातलेला नेम होता तो. बोलायचं ते आदल्या दिवशी निजायला जाईपर्यंत बोलून घ्यायचं, आणि मग द्वादशीला पारणं फेडेस्तोवर ओठ बंद. पोटात कॉफीखेरीज काही नाही. कॉफी उपासाला चालते हे तिनंच ठरवलेलं. त्या दिवशी गिऱ्हाइकाला भाव बोटांनी दाखवायची. समोरची फूलवाली कामाक्षी संधी साधायची.

"आज कुलूप आहे गं तोंडाला! आज मी म्हणेन तो भाव. दे दोन कवळ्या फुकट!"

वसंताक्का अडकित्ता उगारून दाखवायची आणि रस्ता हसायचा.

पण तिला बोलतं करायला मात्र कोणी धजत नसे. एकदा हनुमंतरावानं किल्ली कोठें ठेवली म्हणून विचारलं आणि ती सवयीनं "खुंटीला" म्हणून गेली. नेम मोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास, पुन्हा मौन, आणि ते संपल्यावर आठवडाभर घराची सालटी. तेव्हापासून घराचा कायदा झाला. एकादशीला तिला काही विचारायचं नाही. तिचं तोंड उघडायला लागलं तर आपणच आठवण करायची.

गेल्या साली पंगुनी महिन्यातल्या, म्हणजे फाल्गुन-चैत्रातल्या एकादशीला सकाळी तिनं दारात रांगोळी घातली, कॉफी घेतली, ओट्यावर बसली. कामाक्षीनं डिवचलं तर अडकित्ता उगारला. सगळं रोजचंच. उन्हं डोक्यावर आली तेव्हा हनुमंतराव तिनं बांधलेली कवळी उचलून आत न्यायला गेला. वरच कुजकं पान. त्याखाली आणखी एक. लग्न झाल्यापासून तिच्या कवळीत डागी पान त्यानं पाहिलं नव्हतं. 'उपासानं डोळ्यांवर अंधारी आली असेल,' असं मनाशी म्हणून त्यानं ती दोन्ही पानं काढून टाकली. तिला विचारलं नाही. विचारायचं नाही, हा कायदाच होता.

थोड्या वेळानं ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. सून शरण्या तांदूळ धूत होती. वसंताक्काचा उजवा हात लोंबत होता. तिनं तोंड उघडलं. "आ... आं..." असा आवाज निघाला. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

शरण्या ओल्या हातानंच धावली. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आत्याबाई, एकादशी! नका बोलूं! उद्यां पुन्हा सगळं करावं लागेल तुम्हांस!"

वसंताक्कानं मान हलवली. आणखी जोर लावला. "आं... आं..."

"नका म्हणतें ना!" शरण्यानं आता बोट सासूच्याच ओठांवर ठेवलं. "काय हवं तें हातानें दाखवा."

हातानं दाखवायला हात उचलत नव्हता. डाव्या हातानं तिनं शरण्याचं मनगट धरलं आणि सोडलं. शरण्यानं तुळशीचं पाणी पाजलं. अर्धं ओठांच्या कडेनं पदरावर आलं. "अशक्तपणा," तिनं आणि हनुमंतरावानं ठरवलं. चटई टाकून निजवलं, पंखा लावला, दार लोटलं. घर गप्प. त्या दिवशी घर गप्प असलं की सगळं ठीक, असंच आम्ही शेजारीपाजारीही समजायचो.

दिवेलागणीला शरण्या उठवायला गेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि खालचं लुगडं ओलं.

मुलगा हरिकृष्ण पापनाशमच्या बँकेतून धावत आला. गावातल्या दवाखान्यात डोक्याचं चित्र काढलं आणि म्हणाले, थांबू नका, तंजावरला न्या. ॲम्ब्युलन्समधून नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, सौंदर्या नावाची. तिनं सरळ विचारलं, "शेवटचं नीट बोलल्या कधी?"

हनुमंतराव म्हणाला, "काल."

"काल? आज नाही?"

"काल निजताना. घोरू नको म्हणाली. मुडद्या म्हणाली."

"आणि आज दिवसभर?"

"आज एकादशी."

डॉक्टरणीला कळेना. हरिकृष्णानं नेम समजावून सांगितला. तिनं लिहिणं थांबवलं आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाली, "मग झटका कालच आला असं आम्हाला धरावं लागणार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आता देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव होईल. डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. मांडीतून बारीक नळी घालायची, मेंदूपर्यंत न्यायची, आणि तारेच्या जाळीत गुठळी धरून ओढून काढायची. काही भाग मेला आहे. काही अजून जगतोय, म्हणून करतेय."

"दुपारींच आणली असती तर?" हरिकृष्णानं विचारलं.

शरण्या भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरणीनं तिच्याकडे बघायचं टाळलं. "बरंच वाचलं असतं," एवढंच म्हणाली.

हनुमंतरावानं हात जोडले. "अम्मा, हात गेला तर जाऊं दे. एका हातानें पान फिरवितां येतें. जीभ तेवढी ठेवा."

नळी गेली, जाळी गेली, दुसऱ्या ओढीला गुठळी आली. नंतर डॉक्टरणीनं गॉझच्या तुकड्यावर ती आणून दाखवली. सुपारीच्या खांडाएवढी, काळपट तांबडी. हनुमंतरावानं वाकून पाहिली आणि म्हणाला, "एवढीच?"

झालं उलटंच. हात आला. पाय आला. दुसऱ्या दिवशी बोटं हलली, पुढे अंगठा पान उलटू लागला, डागी पान पुन्हा बाजूला पडू लागलं. जीभ मात्र गेली ती गेली. सगळी भाषा गेली, तमिळ आणि मराठी दोन्ही, आणि तळाशी एकच शब्द उरला. डॉक्टरीण तपासायला आली, नाव विचारलं. वसंताक्कानं खूप जोर लावला आणि म्हणाली, "मुडद्या."

हनुमंतराव आनंदानं रडलाच. बोलली! डॉक्टरीण म्हणाली, असं होतं, बोलणं जातं आणि शिवी तेवढी राहते, तिच्यावर फार आशा ठेवू नका.

घरी आल्यावर पाणी हवं तरी 'मुडद्या', दुखलं तरी 'मुडद्या'. कामाक्षी पहिले दिवस हसली, मग तिनं यायचं कमी केलं. एक बाई मुलीच्या लग्नाची पानं घ्यायला आली, तिलाही वसंताक्का तेच म्हणाली. तिला मराठी कळत नव्हती, पण आवाज कळला. बाई पिशवी तशीच घेऊन परत गेली. वसंताक्काला आपण काय बोललो ते ऐकू येत होतं. आपल्याच तोंडावर तिनं चापट मारून घेतली. हळूहळू तिनं बोलणंच टाकलं. फारच झालं तर नवऱ्याला तेवढं म्हणायची, नाहीतर देव्हाऱ्यातल्या विठ्ठलाला.

शरण्याला मात्र एकदाही नाही. तिच्या हातचं खायची, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, पण तिच्यासमोर ओठ उघडायचे नाहीत. आवाजसुद्धा नाही. शरण्या सुकत चालली. हरिकृष्ण काही बोलत नसे, तेही तिला टोचायचं.

पुढच्या एका एकादशीला दुपारी ती तांदूळ धुता धुता उठली आणि ओट्यावर सासूच्या पायाशी जाऊन बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मजलाही म्हणा की. एकदां तरी म्हणा. मामंजींना म्हणतां, देवाला म्हणतां. मजला शिवी द्या, मारा, पण कांहीं तरी म्हणा."

वसंताक्कानं हातातलं पान खाली ठेवलं. मग उजवा हात वर केला आणि बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

तसंच ठेवून बसली. शरण्या उठून आत गेल्यावर तिनं पान उचललं आणि अंगठ्यानं उलटलं.