उचगावातून पुश जाईना

"सर, परत टाइमआउट आलाय," सुजाता फोनवर म्हणाली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

सुजाता आमची प्रोग्रॅमर. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ती उचगावातून घरूनच काम करते. आपण लिहिलेला कोड प्रत्येकानं बेळगावच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर चढवायचा असतो. कोणी काय बदललं ते गिट नावाचं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं, आणि या चढवण्याला पुश म्हणतात. गेला आठवडाभर तिचं पुश जात नव्हतं. सर्व्हर तिला उत्तरच देत नव्हता.

सर्व्हर आणि नेटवर्क मी बघतो. सगळं सुरळीत असलं की मला कोणी विचारत नाही.

पाटील सर, आमचे मॅनेजर, माझ्या टेबलाशी आले. "घरचं नेट धड नसेल तर स्पष्ट सांगा. सोमवारपासून ऑफिसला बोलावतो तिला."

"आणि तिची आई?"

"मी काय करू? क्लायंट मला धरतो."

त्यांचंही चूक नव्हतं, तरी मला राग आला. सोमवारपासून ऑफिस म्हणजे तिनं नोकरी सोडायची, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी तिला फोन लावला. "बाकी नेट चालतंय?"

"व्हय सर. मेल, मीटिंग, सगळं चालतंय. गिट तेवढं न्हाय."

"मोबाईलच्या नेटवरून बघ."

घरात रेंज नव्हती. ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. तिथून पुश गेलं. म्हणजे लॅपटॉप ठीक, सर्व्हर ठीक. बिनसलं होतं ते तिच्या घरच्या कनेक्शनचं आणि आमच्या सर्व्हरचं.

"आईला खाली सोडून रोज गच्चीवर बसू का सर?" तिनं विचारलं.

आमच्या सर्व्हरला एक राखणदार आहे. इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून कोणी चुकीची चावी घेऊन सारखं दार वाजवायला लागलं की तो त्याला चोर समजतो आणि त्या पत्त्याला काही वेळ दार बंद करतो. चावी म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरची ओळख पटवणारी फाइल. बंद केलेल्या पत्त्यांत सुजाताच्या घरचा पत्ता सापडला. मी तो मोकळा केला. पुश गेलं. खूश होऊन चहाला गेलो. परत येतो तर पत्ता पुन्हा बंद.

"तुझं नेट आणखी कोण वापरतं गं?"

"कोण न्हाय सर. मी नि आई."

मग नाकारलेली चावी कोणाची ते शोधलं. ती सुजाताची नव्हतीच. महेशची होती. हा आमच्याकडचा जुना प्रोग्रॅमर, नोकरी सोडून गेलेला. सोडून गेलेल्यांच्या चाव्या आम्ही नुकत्याच रद्द केल्या होत्या. पण महेशची चावी सुजाताच्या घरातून कशी येते? दोघांचं आडनाव एकच, हे तेव्हा लक्षात आलं.

"महेश तुझा कोण लागतो?"

"चुलतभाऊ. शेजारचंच घर."

"आणि नेट?"

"एकच हाय सर. आप्पांच्या घरातनं भिंतीवरनं वायर आलीया."

आप्पा म्हणजे तिचे काका, महेशचे वडील. वाटण्या झाल्या तेव्हा शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, अंगणात भिंत आली. बोलणं बंद झालं. वायर मात्र कोणी तोडली नाही.

"त्यांच्याशी बोलत न्हाय नि नेट त्यांचंच वापरतो," ती म्हणाली. "सांगायला लाज वाटली सर."

एका कनेक्शनवरची सगळी घरं सर्व्हरला एकाच पत्त्यावर दिसतात. महेशच्या लॅपटॉपवर आमचं प्रोजेक्ट अजून उघडं होतं. नवीन काही आलंय का, ते त्याचं सॉफ्टवेअर दर थोड्या वेळानं आपणहून विचारत होतं, रद्द झालेली चावी दाखवून. त्याला बिचाऱ्याला याची कल्पनाही नसणार.

"त्याला मी फोन करतो," मी म्हटलं.

"नको सर. मीच जाते."

बऱ्याच वेळानं तिच्या नंबरवरून महेशच बोलला. "सर, काढून टाकलं सगळं. मला म्हाईतच न्हवतं." मागून बाईमाणसाचा आवाज येत होता, "आईला जेवण जातंय का गं आता?" ती काकू असणार. मी पत्ता मोकळा केला. पुश गेलं आणि पुढंही जात राहिलं.

पाटील सर म्हणाले, "तिला वेगळं कनेक्शन घ्यायला सांगा. खर्च ऑफिस देईल."

मी निरोप दिला. सुजाता म्हणाली, "नको सर. वाटणीत तेवढं एकच राहून गेलंय. राहू दे."

घरचं कनेक्शन उत्तम आहे, असं मी पाटील सरांना कळवलं. सोमवारचा विषय तिथंच संपला.

आता घरून काम करणाऱ्या कोणाचं पुश अडलं की वायर कोणाच्या घरातून आलीय हे मी आधी विचारतो. त्यांच्याशी बोलणं आहे का, हे त्यानंतर.