साडूचं ॲप आणि गार हुरडा

माझ्या साडूनं बनवलेलं ॲप दिवसभर चालू ठेवलं तरी फोनची बॅटरी उतरत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी त्याच्यावर जळतो.

साडू म्हणजे विलास. माझ्या बायकोच्या पाठच्या बहिणीचा नवरा. मुक्काम अकलूज, धंदा दुधाचा. मी सोलापुरात एका कंपनीत मोबाइलची ॲप बनवतो, म्हणजे खरं तर हा माझा प्रांत! पण ह्या गृहस्थानं हौसेहौसेनं शिकून आपल्या दुधाच्या टेम्पोवाल्यांसाठी, कोण कुठं आहे ते कळायला आणि निरोप धाडायला, एक ॲप केलं. दिसायला अगदी भिकार. करड्या पाटीवर चार काळी बटणं. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.) पण उसाच्या रानात, जिथं रेंज एक काडी दाखवून पळून जाते, तिथंही ते चालायचं. मग काय! सासुरवाडीला नातेपुत्याला गेलं की जेवताना सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या मामांचं, सुरू व्हायचं.

"विलासरावांचं ॲप लई भारी बरं का! माझा फोन जुनापुराणा, पर चार्जिंगला लावायची आठवणच हुत न्हाय."

"मीसुद्धा ॲपच बनवतो, मामा."

"व्हय व्हय, तुमचंबी चांगलं असंल की. भाकरी घ्या."

मी भाकरी घेतली. थोरला जावई मी, आणि माझ्या वाट्याला 'असंल की'!

संधी आली ती थंडीत. सगळ्यात धाकटी मेहुणी अश्विनी, तिला बघायला सोलापूरहून मंडळी येणार होती. मुलगा बँकेत, घर चांगलं, आणि अश्विनीला त्याचा फोटो बघताक्षणी आवडलेला. मामांनी चहा-पोह्यांना फाटा देऊन पाहुण्यांना थेट शेतावर हुरड्याला बोलावलं. आता हुरड्याचं असं असतं की जोंधळ्याची कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम तोंडात टाकायची. गार झाला की त्याची सगळी मजा गेली. म्हणजे पाहुणे वेळेवर पोचायला हवेत. आणि शेताचा रस्ता कसा? दोन्हीकडं पुरुषभर ऊस, प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखं.

"पाहुण्यांना शेतावर आणायचं काम माझं!" विलासनं तोंड उघडायच्या आत मी जाहीर करून टाकलं. "त्यासाठी खास ॲप बनवतो."

ऑफिसचं काम बाजूला सारून मी ते ॲप बनवलं. काय नव्हतं त्यात? कोण कुठं पोचलं हे प्रत्येकाला सेकंदा-सेकंदाला नकाशावर दिसणार. आगटीचं थेट चित्रण. कणसं भाजून झाली की सगळ्यांच्या फोनवर हलगी कडाडणार! मागं सतत हलणाऱ्या ज्वाळा, आणि त्या बघायच्या राहू नयेत म्हणून स्क्रीन कधीच बंद होणार नाही अशी सोय. (ही सोय खास माझ्या डोक्यातली.) पाहुण्यांच्या, मामांच्या, मामींच्या, झाडून सगळ्यांच्या फोनमध्ये मी ते घातलं. विलासनं तेवढं घेतलं नाही.

"साडूभाऊ, राग मानू नका," तो म्हणाला, "पर हे सारखं टॉवरला हाका मारतंय. मी एकेका तांब्यासाठी टेम्पो पळवतो का? क्यान भरलं की एकदम पाठवायचं. रेंज नसली तर गप बसायचं, आली की काम उरकायचं. फोनला जरा निजू द्या की!"

मी नुसता हसलो. जळतोय बिचारा, असं मनाशी म्हटलं आणि खूप बरं वाटलं.

ठरल्या दिवशी माळशिरसपर्यंत माझं ॲप असं धावलं की बघत राहावं. मामा नातेवाइकांना फोन दाखवत फिरत होते. "हे बघा, पावणं हितं आलं! थोरल्या जावयाचं काम हाय!" मी विलासकडं बघत शेंगा चटणी खात होतो. आयुष्यातली सर्वोत्तम चटणी.

मग पाहुण्यांची गाडी उसाच्या पट्ट्यात शिरली आणि रेंज पातळ झाली. ॲप मात्र माझ्यासारखंच हट्टी! मिळेना तसं ते जास्तच जोरानं टॉवर शोधायला लागलं. फोन असे तापले की आगटी पेटवायची गरजच नव्हती. नकाशावरचा पाहुण्यांचा ठिपका एका वळणावर थांबला, थरथरला आणि गेला. मागोमाग मामांचा फोन गेला. माझा कसाबसा तग धरून होता. शेवटी मामींच्या फोननं जीव सोडता सोडता हलगी वाजवली. कणसं तयार होती!

"जावईबापू, मंडळी कुटं हायत?" मामांनी विचारलं.

"येतीलच की."

"पर कुटं हायत?"

पाहुण्यांना विचारावं तर त्यांचेही फोन मीच मारलेले. अश्विनीचे डोळे भरून आले. "दाजी, हे स्थळ मोडलं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार न्हाय!"

आता बसून राहण्यात अर्थ नव्हता. मामांची मोटारसायकल घेऊन मी सुटलो. डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, समोर ऊस. अर्ध्या तासात पाहुणे सोडा, मलाच मी सापडेना! शेवटी फोन गेला आणि त्याच जागी पेट्रोलही संपलं. बांधावर बसून मी एक ऊस मोडला आणि सोलापूरला न जाता इथंच कायमचं राहता येईल का, ह्याचा विचार करू लागलो.

दिवस कलायला आला तेव्हा दुधाचा टेम्पो आला. आत विलास.

"या की साडूभाऊ! पावणं कवाच पोचलं. पावणं शोधा म्हणून मी ॲपवर ड्रायव्हरांना एक ओळ टाकून ठेवली हुती, रेंज आल्यावर गेली. आमच्या ड्रायव्हरला ते कॅनॉलवर दिसलं. दुसरी आगटी लावली, पोटभर खाल्लं, लग्न ठरलं!"

मला हायसं वाटलं. (खोटं कशाला बोलू? तेवढाच संतापही आला.)

"पण मी सापडलो कसा? माझा फोन तर बंद आहे."

विलास जरा चाचरला. "ताईंनी तुमच्या फोनात माझं ॲप घातलंय न्हवं का. बॅटरी जायच्या आधी शेवटचं ठिकाण ते पाठवून देतंय."

माझी सख्खी बायको! माझ्याच फोनमध्ये! दुधाच्या क्यानांच्या मधोमध बसून मी शेतावर परतलो. मामांनी माझ्यासाठी राखलेला हुरडा पुढं केला. दगडासारखा गार झाला होता. मी मुकाट्यानं खाल्ला.

लग्न झालं, पूजा झाली, आणि एक दिवस विलासचा फोन आला. आवाज दबका.

"साडूभाऊ, तुमचं ते हुरड्याचं ॲप अजून हाय का?"

"का? हसायला कमी पडलं?"

"तसं न्हवं. माझ्या ॲपमुळं आमच्या मंडळींना मी कुटं बसलोय ते कायम कळतंय. रेंज नव्हती म्हणावं तर चालत न्हाय, बॅटरी संपली म्हणावं तर ती संपतच न्हाय! जगणं मुश्कील झालंय ओ. तुमचं घातलं म्हंजे कसं, फोन पडला बंद तर कुणी शंकाच घेणार न्हाय."

मला भरून आलं. इतकी वर्षं वाट बघितली होती, आज साडू स्वतःहून माझं ॲप मागत होता! मी ताबडतोब पाठवलं आणि ऐटीत विचारलं, "आलं का? कसं वाटतंय?"

उत्तर आलं नाही. ॲप उतरवून पुरं व्हायच्या आधीच त्याचा फोन बंद पडला होता.