तोरणाखालून आधी गेलेली जोडी

जवळ बस म्हणायला तू इथं नाहीस, म्हणून लांबूनच तुझा कान धरते. फोनवर काय म्हणालीस? "मावशी, मिटवून टाक." पुण्यात बसून मिटवणं सोपं असतं गं. तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

पोळ्याला आमच्या वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून आधी मानकऱ्याची जोडी जाते, मग बाकीच्यांची, सगळ्यात शेवटी आम्हा बौद्धांची. आम्ही देव सोडले, पण वर्षभर राबणारा बैल कसा सोडायचा? तुझ्या भावानं, माझ्या पोरानं, घोडेगावच्या बाजारातून नवी जोडी आणली होती. बैल गरीब, पण गावाला नवखे. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि दोघं उधळले. कासरा धरून पोरगा फरफटत गेला. मानकऱ्याची जोडी जागच्या जागी, आणि आमची तोरणाखालून पार.

मी हसले गं. वाटलं, सगळेच हसतील.

पहिला तडाखा पोराच्या मनगटावर बसला, नांगराच्या रुमण्याचा. त्यानं कासरा सोडला नाही, म्हणून दुसरा कोपरावर. हाड मोडताना कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज येतो, मी ऐकलाय. "माजलेत. सरकारनं डोक्यावर बसवलंय," असं म्हणत मानकऱ्याची माणसं मारत होती. मी त्याच्या अंगावर पडले, तर माझ्या पाठीत लाथा. आणि बैलाचं काय चुकलं होतं? एकाच्या मागच्या पायावर कुऱ्हाड घातली. तो खाली बसला तो उठलाच नाही. शिंगांचा बेगड नुसता चमकत होता.

ठाण्यात फिर्याद घ्यायला आधी टाळाटाळ केली. समाजकल्याणच्या बाई येऊन बसल्या, तेव्हा अॅट्रॉसिटीचं कलम लागलं. दवाखान्याचा खर्च सरकारनं उचलला, दाराशी बंदोबस्ताला एक पोलीस दिला. तो पाणीसुद्धा घरून बाटलीत आणायचा. तुझे काका म्हणायचे, "राखन आपली करतोय, पन आपलं पानी चालत न्हाई." मी म्हणायची, राखू तर द्या.

एका दुपारी आरोपींचे भाऊबंद आले. आधी गोड बोलले. त्यातला म्हातारा म्हणाला, "वैनी, गावात ऱ्हायचंय न्हवं? कोर्टात म्हना, काय दिसलं न्हाई."

मी म्हटलं, "माझ्या पोराचा हात सरळ करून आना. लगीच म्हनते."

मग दगड सुरू झाले. पत्रा असा वाजत होता की आत आमचं बोलणं आम्हाला ऐकू येईना. पोलीस दारात आडवा उभा राहिला. एक विटकर त्याच्या कपाळात बसली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी गाडी येईतो शिट्टी फुंकत राहिला. मी माठातलं पाणी त्याच्या कपाळावर ओतलं. नको म्हणायचं त्याला सुचलं नाही. आता त्याचीही साक्ष आहे.

मारणारे सगळे जामिनावर सुटलेत. दारावरून जाताना मुद्दाम खाकरतात. पोराला उजव्या हातानं घास घेता येत नाही, आणि तोच म्हणतो, "आई, तू फिरलीस तर उद्या दुसऱ्या कुनाचा हात मोडत्याल."

म्हणून फिरत नाही. पण त्या चेहऱ्यांसमोर माझा आवाज फुटेल का, ते खरंच माहीत नाही गं. नगरच्या कोर्टात मागच्या बाकावर तू नुसती दिसलीस तरी पुरे. तारीख जवळ आलीय. त्याआधीच ये, लवकर ये.